विचार येतो, म्हणून माणूस वाईट ठरतो का?

शिरूरहून रांजणगावच्या एमआयडीसीत पहिल्या पाळीला निघालेला एखादा तरुण. कारेगावजवळ दुचाकी खड्ड्यात आदळते आणि मनात येते, 'कुणाला धडक तर बसली नाही ना?' तो मागे वळून पाहतो, रस्ता मोकळा असतो. थोडे पुढे जाताच नवी शंका येते, 'आपण नीट पाहिलेच नसेल तर?' तो परत फिरतो. अशा तीन फेऱ्यांत पाळी चुकते. घरचे म्हणतात, पोरगा भित्रा आहे.

दौंड तालुक्यात मळ्यात राहणारी एखादी बाळंतीण. विहिरीजवळून जाताना 'बाळाला आत टाकले तर?' असा विचार चमकून जातो आणि तिच्या अंगाला कापरे भरते. ती विहिरीची वाट सोडते, मग विळीला हात लावणे सोडते, शेवटी बाळाला एकटीने घेणेही टाळते. सांगायचे कुणाला? लोक लेकरू काढून घेतील.

माणसे नमुन्यादाखल घेतली असली, तरी हा आजार खरा आहे. आज त्याला ओसीडी म्हणतात, जुन्या मराठीत मंत्रचळ. पण मंत्रचळ म्हटले की लोकांना फक्त सतत हात धुणारी, सोवळे पाळणारी व्यक्ती आठवते. मनातल्या मनात चालणारा छळ दिसत नाही, म्हणून तो वर्षानुवर्षे लपून राहतो.

लंडनमध्ये स्टॅन्ली रॅकमन आणि मूळचे श्रीलंकेचे पद्मल डी सिल्वा यांनी १९७८ मध्ये रुग्णांच्या आणि निरोगी माणसांच्या मनात येणाऱ्या नकोशा विचारांची तुलना केली. निरोगी माणसांपैकी बहुतेकांनाही असे विचार येत होते आणि त्यांचे विषयही तेच होते. फरक होता तो विचार किती वेळा येतो, किती छळतो आणि झटकता येतो की नाही, यात. निरोगी माणूस 'काहीही येते डोक्यात' म्हणून कामाला लागतो. रुग्ण त्या विचाराचा अर्थ लावत बसतो: 'मनात आले म्हणजे माझ्या हातून होणार', 'मनात आले हेच पाप', 'खात्री केली नाही आणि काही झाले, तर दोष माझा'. घरात अशुभ बोलू नये, वास्तू 'तथास्तु' म्हणते, असे ऐकतच आपण वाढतो. इतरांना ही नुसती म्हण असते, रुग्णाला मात्र ती धमकी वाटते.

आणि विचार दाबायला जावे, तर तो उसळून वर येतो. मग खात्री करणे, नामजप मोजून करणे, 'काही झाले नाही ना?' असे विचारत राहणे सुरू होते. घरचे मायेने 'काही नाही झाले रे' म्हणतात. थोडा वेळ बरे वाटते, पण पुढची शंका त्याच उत्तराच्या आधाराने वाढते. हे घरच्यांना कोणी समजावूनच सांगत नाही.

ओसीडीतल्या आईला तो विचार किळसवाणा वाटतो, म्हणून तर ती विहिरीपासून पळते. अशा आईपासून बाळ तोडणे म्हणजे तिची भीती खरी ठरवणे. मात्र विचार तिला योग्य वाटू लागला, कानात आवाज येऊ लागले किंवा जीव द्यावासा वाटला, तर ती वेगळी गोष्ट आहे. तेव्हा आईला आणि बाळाला एकटे न सोडता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

उपचार आहेत. भीतीला टप्प्याटप्प्याने सामोरे जायचे आणि खात्री करण्याची क्रिया टाळायची, ही वर्तनोपचाराची पद्धत १९६० च्या दशकापासून वापरात आहे. फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन यांसारखी औषधे पूर्ण परिणाम दाखवायला आठ ते बारा आठवडे घेतात. 'गुण येत नाही' म्हणून अनेक जण पंधरवड्यातच ती सोडतात. नुसत्या झोपेच्या गोळ्यांनी हा आजार हटत नाही, देवऋषाकडच्या उताऱ्यानेही नाही.

तालुक्याच्या रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ रोज भेटतीलच असे नाही. पुण्याच्या ससून रुग्णालयात हा विभाग आहे, आणि १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर मराठीतून मोफत बोलता येते. पण तिथवर पोहोचण्याआधी कुणीतरी विचारायला हवे. लसीकरणाच्या दिवशी बाळंतिणीला सासू-नणंदांपासून जरा बाजूला घेऊन आशाताईंनी एवढेच विचारावे, 'सांगायला लाज वाटेल असे नकोसे विचार सारखे येतात का गं?'