बिनहातच्याचा गुणाकार

गेल्या रविवारी भाचीच्या चौकटींच्या वहीत एक गुणाकार मांडला. नऊ वेळा एक, गुणिले नऊ वेळा एक. “मोबाइलवर कर ना, मामा,” ती म्हणाली. पण हा गुणाकार हातानंच करावा.

१११११११११ ही ओळ नऊ वेळा लिहायची, दर खेपेला एक घर डावीकडे सरकवून. एकांचा तिरका जिना तयार होतो. मग उभ्या बेरजा. उजवीकडून पहिल्या रांगेत एकच एक, पुढच्या रांगेत दोन, मग तीन. मधल्या रांगेत पुरते नऊ, आणि तिथून पुन्हा उतार. खाली उमटतं १२३४५६७८९८७६५४३२१. सतरा अंक, उलट वाचा की सुलट! ‘लीलावती’तल्या स्थानांनी मोजलं तर डावीकडचा एक ‘मध्य’ या स्थानावर बसतो, परार्धाच्या एकच पायरी अलीकडे. आणि एवढ्या वाटेत हातचा एकदाही घ्यावा लागत नाही.

या कुळातल्या संख्यांना द. रा. कापरेकरांनी ‘डेम्लो संख्या’ म्हटलं, जुन्या जी. आय. पी. रेल्वेवरच्या, मुंबईजवळच्या एका स्टेशनाच्या नावावरून. १९३० ते १९६२ ते देवळालीला शाळामास्तर होते. कल्पना स्टेशनावर सुचली, म्हणून नाव स्टेशनाचं. मला हे फार मनापासून आवडतं.

‘हर्षद संख्या’ही त्यांचीच. स्वतःच्या अंकांच्या बेरजेनं निःशेष भागली जाते ती हर्षद. जशी १८ : एक नि आठ नऊ, नऊ दुणे अठरा. भाचीनं आमच्या संख्येचे अंक मिळवले, आले ८१. भाग जाईल? भागाकार मांडायचीही गरज नाही. नऊ एकांची बेरीज ९, म्हणून १११११११११ ला ९ नं भाग जातो. मग त्याच्या वर्गाला ८१ नं जाणारच. त्या पहिल्या भागाकाराचं उत्तर मात्र बघण्यासारखं आहे : १२३४५६७९. यात आठ नाही.

एकापासून नऊ एकांपर्यंतचे वर्ग तपासले, तर खुद्द १ सोडून हर्षद दोनच निघतात : १११ चा वर्ग १२३२१, आणि ही आमची सतरा अंकी.

मग भाचीनंच विचारलं, “दहा एक घेतले तर?”

मांडलं. नऊ रांगा सुरळीत गेल्या. मधल्या रांगेत बेरीज आली दहा. शून्य लिहिलं, हातचा एक. पुढच्या रांगेत नऊ होते, तेही दहा झाले. पुन्हा शून्य, पुन्हा हातचा. त्याच्या पुढच्या आठाचे नऊ झाले आणि तिथं हातचा थांबला. उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१. अंकांची बेरीज ८२, संख्या विषम. भाग जायचा प्रश्नच नाही. एका हातच्यानं सुलट-उलटपणही गेलं आणि हर्षदपणही. चढावर आठ पुन्हा गायब, अगदी १२३४५६७९ मध्ये होता तसाच.

भाचीनं त्या चढावरच्या नवाभोवती पेन्सिलीनं गोल केला आणि बाजूला बारीक आठ लिहून ठेवला.