पोलाद कापण्याआधीची मोजणी

सिडनीच्या पश्चिमेकडील वेंटवर्थव्हिलमध्ये जुनी बैठी फायब्रोची घरे जाऊन त्यांच्या जागी दुमजली घरे उभी राहत आहेत. खांबांवाचूनच्या प्रशस्त दिवाणखान्यावरचा मजला बहुधा पोलादी तुळयांवर तोललेला असतो. कारखान्यातून आलेली तुळई जागेवर बसली नाही की काम थांबते, क्रेनचे भाडे चढत राहते आणि अभियंता व कंत्राटदार एकमेकांकडे बोट दाखवू लागतात. घरमालकाला दोष वेल्डिंगचा वाटतो. प्रत्यक्षात अशी चूक अनेकदा पोलाद कापण्यापूर्वीच घडलेली असते; तिच्यावर जागेवरच जबरदस्तीचा उपाय करू पाहणे सर्वांत धोक्याचे.

याचा सर्वांत कठोर धडा ऑस्ट्रेलियातच मिळाला. मेलबर्नच्या वेस्ट गेट पुलाच्या एका गाळ्यासाठी गर्डरचे दोन अर्धे भाग जमिनीवर जोडून वर चढवण्यात आले. वर गेल्यावर त्यांच्या उंचीत सुमारे 11 सेंटिमीटरचा फरक आढळला. वरचा भाग दाबण्यासाठी त्यावर प्रत्येकी 8 टनांचे काँक्रीटचे ठोकळे ठेवले गेले. पोलादी पत्र्याला फुगवटा आला. तो सरळ करण्यासाठी बोल्ट काढायला सुरुवात झाली आणि 15 ऑक्टोबर 1970 रोजी गाळा कोसळला. 35 कामगारांचा जीव गेला. चौकशी आयोगाने पुढील वर्षी संकल्पक आणि कंत्राटदार या दोघांवरही ठपका ठेवला.

मुंबईतील अंधेरीच्या गोखले पुलाचे प्रकरण सुदैवाने जीवघेणे ठरले नाही. अंबाल्यात तयार झालेले त्याचे गर्डर रेल्वेमार्गावर व्यवस्थित चढले. मात्र रेल्वेच्या नियमांनुसार पुलाची उंची वाढली होती आणि शेजारचा बर्फीवाला उड्डाणपूल खालीच राहिला. फेब्रुवारी 2024 मध्ये गोखले पुलाची एक बाजू खुली झाली, तेव्हा ही तफावत साऱ्या शहराच्या थट्टेचा विषय झाली. अखेर व्हीजेटीआयच्या मार्गदर्शनाखाली बर्फीवाला पूल एका बाजूने 1,397 आणि दुसऱ्या बाजूने 650 मिलिमीटर उचलून जुलैमध्ये जोडणी पूर्ण करण्यात आली. पोलाद निर्दोष होते; दोन बांधकामांची मापे एकाच कागदावर आली नव्हती.

याउलट सिडनी हार्बर पुलाच्या 503 मीटरच्या कमानीचे दोन्ही अर्धे भाग दोन तीरांवरून पुढे सरकत 19 ऑगस्ट 1930 रोजी मध्यावर भेटले. मिल्सन्स पॉइंटच्या कार्यशाळांत सुटे भाग काटेकोरपणे घडवले गेले होते आणि कमान मिटवण्याची रीत आधीच ठरलेली होती.

घराच्या तुळईलाही हाच नियम लागू पडतो. संकल्पचित्रावरील माप आणि प्रत्यक्ष ओतलेल्या काँक्रीटचे माप यांत अंतर पडतेच. म्हणून पाया व भिंती तयार झाल्यावर जागेवर पुन्हा मोजणी व्हावी, त्यावरून शॉप ड्रॉइंग तयार व्हावीत आणि अभियंत्याची संमती मिळाल्यावरच पोलादाला हात लागावा. जस्ताचा मुलामा द्यायचा असेल, तर सगळी भोके आणि वेल्डिंग त्याआधीच पूर्ण हवीत. नंतर जागेवर केलेले वेल्डिंग तो मुलामा जाळते आणि गंजाला वाट करून देते.

2016 साली आलेल्या एएस/एनझेडएस 5131 या मानकाने बांधकामाचे चार वर्ग ठरवले आहेत. वर्ग जितका वरचा, तितकी तपासणी व नोंदी कडक. हा वर्ग संकल्पक अभियंत्याने नक्की करायचा असतो. तो कंत्राटात लिहिलेला नसेल, तर कारखान्याने किती तपासणी करावी, याविषयी पुढे वाद अटळ आहे.

न्यू साउथ वेल्समध्ये घरबांधणीच्या कामाची अनामत रक्कम कंत्राटाच्या 10 टक्क्यांहून अधिक घेता येत नाही. पुढचे हप्ते झालेल्या कामाशी बांधता येतात. पोलादाचा हप्ता मंजूर शॉप ड्रॉइंग, पोलादाचे गिरणी-प्रमाणपत्र आणि वेल्डिंग तपासणीचा अहवाल यांच्याशी जोडला, तर चूक कागदावरच सापडण्याची शक्यता वाढते. कागदावरची चूक खोडरबराने पुसता येते. क्रेनला लटकलेली चूक पुसण्याचा खर्च मात्र घरमालकाच्या खिशापर्यंत पोहोचतोच.