एका टप्प्याची वारी

शेगावहून पंढरपूरला पायी गेलेली गजानन महाराजांची पालखी आषाढीनंतर मेहकरमार्गे परतताना जानेफळला मुक्कामी येते. पालखीचे वारकरी थेट शेगावपर्यंत चालतच जातात. गावोगावची माणसं मात्र एखादाच टप्पा साधतात: मेहकरला पालखीत मिसळायचं, जानेफळपर्यंत चालायचं, जमलंच तर पुढे शिर्ला नेमानेपर्यंत, आणि घरी परतायचं ते एसटीनं. शेतात सोयाबीन डवरणीला आलेलं, गोठ्यात दुभतं जनावर. आठवडेच्या आठवडे घर सोडणं ज्यांना शक्यच नाही, त्यांची वारी ही लाल गाडी घडवते. तिला कुणी अर्धवट म्हणू नये. खामगाव ते शेगाव या शेवटच्या टप्प्यात तर हजारो भाविक चालतात. भाड्याचा भारही आता हलका झालाय: पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२पासून राज्यात प्रवास मोफत, महिलांना मार्च २०२३पासून अर्धं तिकीट. उरते ती वेळेची अडचण. टप्पा संपतो संध्याकाळी, म्हणून पालखीच्या दिवशी जानेफळहून मेहकरकडे रात्रीची एक जादा गाडी हवीच. दिवसभर चाललेल्या म्हाताऱ्या माणसांना अंधारात फाट्यावर ताटकळायला लागू नये.