बहिणीची सही, आईचा अंगठा

घरातला कर्ता पुरुष गेला की अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत पुढचा क्रम ठरलेला असतो. दहावं, तेरावं, वारसनोंद आणि तिच्या मागोमाग हक्कसोडपत्र. मुंबईला, पनवेलला दिलेल्या बहिणींना गाडी पाठवून बोलावतात. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात फोटो, अंगठा, सही होते, बाहेर चहा-वडापाव होतो आणि वाडी भावांची होते. एखादी बहीण अडून बसली, की गावात एकच वाक्य फिरतं: कायद्याने घरं फोडली.

हे म्हणणारे सगळेच लबाड नसतात. त्यांचं म्हणणं असं, की बहिणीला लग्नात दिलंच आहे. म्हाताऱ्यांचं दुखलंखुपलं आम्ही काढलं, खाडीचा बांध फुटला तेव्हा रात्री आम्ही धावलो. गुंठ्यांवर आलेली जमीन आता आणखी किती चिरायची? आणि शेवटी, हिस्सा मागितला की माहेर तुटतं.

लग्नात काय दिलं, ते आधी पाहू. या किनाऱ्यावरच्या आगरी-कोळी समाजांत जुन्या काळी मुलीकडच्यांना देज मिळे. म्हणजे पैसा मुलीच्या घरात यायचा. पुढे हुंडा आला. पण १९६१ पासून तो गुन्हा आहे. तेव्हा ‘हुंडा दिला, हिस्सा फिटला’ हे कोर्टात सांगायचं, तर आधी गुन्हा कबूल करावा लागेल. शिवाय हा हिशेब फक्त मुलीचाच का? थोरल्याच्या होडीचं इंजिन, धाकट्याच्या कॉलेजची फी, दुकानाचं भांडवल कुणी कधी हिश्शातून वजा केलं नाही.

म्हाताऱ्यांना सांभाळलं कुणी, हा मुद्दा मात्र खरा आहे. राबलेल्याला जास्त मिळावं, हे मलाही पटतं. त्याला वाट आहे: बापाने हयातीत मृत्युपत्र करावं. त्याला मुद्रांक लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही, दोन साक्षीदार पुरतात. स्वकष्टाची मालमत्ता आणि वडिलोपार्जितातला स्वतःचा हिस्सा तो हव्या त्या मुलाला देऊ शकतो. ते देणं बापाचं असतं. तेराव्यानंतर रडून डोळे सुजलेल्या बहिणीकडून घेतलेली सही ही त्याची भरपाई नव्हे. आणि खरं विचाराल तर म्हाताऱ्याचं हगणंमुतणं काढलेलं असतं सुनेने. तिचं नाव सातबाऱ्यावर कुठे असतं?

तुकड्यांची ओरड मला सर्वांत पोकळ वाटते. तीन भावांत वाडीचे तीन तुकडे झाले, तर कुणाला काही वाटत नाही. चौथं नाव बहिणीचं आलं की शेतीची काळजी दाटून येते. सातबाऱ्यावर नाव लागलं म्हणजे कुंपण पडत नाही. नारळ-सुपारीचं उत्पन्न वाटून घेता येतं, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या लावता येतात. चौल-नागावच्या वाड्यांत भाऊभाऊ हे करत आलेच आहेत. तुकड्यांना घाबरणारी हीच मंडळी मांडव्याची रो-रो २०२० साली सुरू झाल्यावर आणि २०२४ मध्ये अटल सेतू उघडल्यावर मुंबईकरांच्या बंगल्यांसाठी वाडी प्लॉट पाडून विकायला तयार असतात.

भांडण भावाचं आहे, पण ते बाजारभावाचं. हिंदू वारसा कायदा त्यापेक्षा फार जुना. १७ जून १९५६ पासून बापाच्या हिश्शात मुलगी, त्याची विधवा आणि त्याची आई मुलाच्या बरोबरीने पहिल्या वर्गाच्या वारस आहेत. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलीला जन्मतः सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जितात मुलासारखीच हिस्सेदार केलं, पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळलं. ‘तुझं लग्न नव्वद साली झालं, तुला काही नाही’ हे भाऊ आजही ऐकवतात ते त्यावरून. ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने ती अट संपवली. ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की २००५ च्या त्या तारखेला बाप जिवंत असण्याचीही गरज नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर नोंदवलेल्या किंवा कोर्टाने केलेल्या वाटण्या मात्र कायम राहतात.

बहिणीचं नाव असं उडवता येत नाही, हे उरण-पनवेलकडे लवकर कळलं. नवी मुंबईसाठी सिडकोने जमिनी घेतल्या, १९८४ च्या जासई आंदोलनात माणसं गोळीबारात पडली, दि. बा. पाटलांच्या लढ्यातून घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के भूखंड मिळाले. हा भूखंड घेताना मूळ खातेदार गेलेला असला की वारसदाखल्याचा प्रश्न येतो. तो दाखला आजही १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनखाली कोर्टातून निघतो. तलाठ्याकडे गाळलेली बहीण तिथे पुन्हा उभी राहते, कारण फेरफाराने मालकी ठरत नाही, ती फक्त महसुलाची नोंद असते.

आंग्र्यांच्या घराण्याला दत्तक नाकारून ईस्ट इंडिया कंपनीने १८४० मध्ये कुलाबा संस्थान खालसा केलं, हे अलिबागकर अजून रागाने सांगतात. राग योग्यच आहे. हयात वारस घरात बसलेली असताना आपण तिला कागदावरून उडवतो, तेव्हा तो राग कुठे जातो?

आणि माहेर? सही दिली तरच भाऊबीजेचं ताट मिळत असेल, तर ते माहेर आधीच तुटलेलं आहे.

या सगळ्यात जिच्याविषयी कुणी बोलत नाही ती आई. हक्कसोडपत्रावर बहिणींच्या सह्यांखाली बहुतेक वेळा तिचाही अंगठा असतो. ‘तुला काय करायचंय जमीन, आम्ही आहोत ना.’ तिचा हिस्सा निदान एका मुलाइतका असतो. तो सोडला की ती त्याच घरात आश्रित होते. पुढे सुनेशी बिनसलं की २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली प्रांतांकडे अर्ज, आणि तिथे पोटगीची कमाल मर्यादा महिना दहा हजार. सांभाळण्याची अट कागदात लिहिलेली असेल, तर दिलेलं परत मागायला त्याच कायद्यात आधार मिळतो. ती लिहितो कोण?

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. वारसनोंदीत सगळी नावं लागू द्यावीत. आईचा हिस्सा तिच्या हयातीत कुणी मागू नये. बहिणीला सोडायचं असेल तर तिने वर्षश्राद्धानंतर, जमिनीचा आजचा भाव माहीत करून घेऊन, स्वखुशीने सोडावं. सोडणाऱ्या बहिणी आहेत आणि त्यांचा मान राखावा. विक्री झाली तर पैसे नावांप्रमाणे वाटावेत. आणि कुणी परस्पर फेरफार घातलाच, तर नोटिशीनंतर पंधरा दिवसांत साध्या कागदावर तलाठ्याकडे हरकत द्यावी आणि पोच घ्यायला विसरू नये.