शरीर कमवावे, टोचून घेऊ नये

आपण शरीर 'कमवतो' म्हणतो. म्हणूनच स्टिरॉइडची सुई घेऊन फुगवलेल्या दंडांना मी कमाई मानत नाही. सुट्टीत भिलाईला घरी गेलो की सेक्टरमधली माझ्या वयाची मुले विचारतात, "तीन महिन्यांत बॉडी होईल का?" होईलही, पण या वयात स्टिरॉइडमुळे हाडांची वाढ लवकर थांबून उंची कायमची खुंटू शकते. यकृत आणि हृदयालाही धोका असतो.

खेळातले नुकसान वेगळेच. तीन वेळा महाराष्ट्र केसरी झालेले नरसिंग यादव यांच्या नमुन्यात २०१६ साली मेथॅनडिएनोन हे स्टिरॉइड सापडले. ते कुणीतरी मुद्दाम मिसळले, असे त्यांचे म्हणणे होते. 'नाडा'ने ते मान्य केले, पण क्रीडा लवादाने नाही. रिओ ऑलिंपिकमधल्या कुस्तीच्या आदल्या दिवशी त्यांच्यावर ४ वर्षांची बंदी आली.

नियम कडक आहे: शरीरात जे सापडेल, त्याला खेळाडूच जबाबदार. मग अनोळखी डब्यातली पावडर खाण्याआधी आपण डॉक्टरांना आणि प्रशिक्षकांना विचारायला नको का?

मित्रांनो, पहाटेची पीटी, मेसचे पोटभर जेवण आणि वेळेवर झोप यांनी उशिरा का होईना, शरीर बनते. आणि ते आपले असते.