फाळके आपले, मग पान कोणी लिहायचं?

३० एप्रिल आला की समस्त नाशिककरांच्या फेसबुक भिंतीवर दादासाहेब फाळके अवतरतात. त्र्यंबकेश्वरचा जन्म, हार घातलेला फोटो, ‘आमचा अभिमान’. संध्याकाळपर्यंत सगळं गार.

मंडळी, आता मराठी विकिपीडिया उघडा आणि जुने मराठी मूकपट शोधा. कितीतरी पानं दोन-चार ओळींत आटोपलेली. नाव, साल, दिग्दर्शक, खलास. जिथं मजकूर आहे तिथं ‘थोर’, ‘अलौकिक’, ‘अजरामर’ यांची रांगोळी, संदर्भ मात्र शून्य.

सांगण्यासारखं काही नाही म्हणावं, तर तसंही नाही. ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत झाला, पण त्यानंतर १९१३ मध्येच फाळके नाशकात आले. इथल्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची लेक कमलाबाई पडद्यावर आल्या. बाईनं कॅमेऱ्यापुढं उभं राहणं तेव्हा बदनामीचं होतं हो! ‘राजा हरिश्चंद्र’मधली तारामती अण्णा साळुंके नावाच्या पुरुषानं केली होती. पुढं १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये राम पण तेच, सीता पण तेच. १९१८ ला हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी उभी राहिली, तीही नाशकातच. १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मधला कृष्ण म्हणजे फाळक्यांची मुलगी मंदाकिनी.

उलट इंडोनेशियाचं बघा. १९३७ चा ‘तेरांग बुलान’ हरवलेला चित्रपट मानतात. तरी इंग्रजी विकिपीडियावर त्याचं पान निवडक लेखांत आहे. पडद्यावर न बघता येणारा सिनेमा लोकांनी पुस्तकं, जुने छापील संदर्भ चाळून कागदावर उभा केला. आणि आपण? शासनानं करावं, विद्यापीठानं करावं.

‘तिथं कोणीही काहीही लिहितं, त्याला काय किंमत’ असं म्हणणारे आमच्या धंद्यातच जास्त. अहो, तुमच्या पोराचा प्रकल्प त्यातूनच उतरतो. मोबाईलला प्रश्न विचारला की उत्तर बऱ्याचदा तिथूनच येतं. पान रिकामं असेल तर उत्तरही रिकामं.

आता माझं पाप. वीस वर्षं मी दर जयंतीला फाळक्यांवर लेख पाडतोय. मध्यंतरी कॉलेजची एक मुलगी आली, म्हणाली, ‘सर, तुमचा लेख विकिपीडियाला संदर्भ म्हणून लावू का? पण ही माहिती तुम्ही कुठून घेतली?’ मी कात्रण हातात धरून बसलो. कुठून घेतली? मागच्या वर्षीच्या माझ्याच लेखातून! त्याआधीची दुसऱ्या कोणाच्या तरी. एका जागी तर सालही चुकलेलं. ती बिचारी काही बोलली नाही.

विकिपीडियाला स्वतःचं संशोधन चालत नाही, आजोबांची आठवण चालत नाही. कुठंतरी नीट छापून आलेलं लागतं. म्हणजे ते छापायचं काम आपलं, पत्रकारांचं. आठवण सांगणाऱ्याचं नाव, पुस्तक, साल, पान क्रमांक देऊन. जुने फोटोही घरात कुजवू नका. फोटोवरच्या कॉपीराइटची मुदत संपली असेल, तर तो कॉमन्सवर चढवता येतो.

सार्वजनिक वाचनालय, आपलं सावाना, १८४० पासून गावात आहे. येत्या रविवारी सकाळी मी तिथं वही घेऊन जाणार, ती मुलगीपण येतेय. सुरुवात ‘मोहिनी भस्मासुर’पासून. कोणाकडं जुनी मासिकं, जाहिराती, पोस्टर असतील तर कमेंटमध्ये सांगा. आणि माझ्या जुन्या लेखांतल्या चुका सापडल्या तर त्याही खालीच लिहा, इनबॉक्समध्ये नको.