बेंबीच्या हर्नियाला नुसते टाके पुरत नाहीत

बाळंतपणानंतर बाहेर आलेली बेंबी घरातली बाई वर्षानुवर्षे तशीच वागवते. खोकला आला की हाताने दाबून धरते, कुणी सांगितले म्हणून वर नाणे ठेवून पट्टा बांधते. तान्ह्या मुलाची फुगलेली बेंबी चार-पाच वर्षांत बहुधा आपसूक बसते. मोठ्या माणसाची बसत नाही. वाढते वजन, लागोपाठची बाळंतपणे, लिव्हरच्या दुखण्यात पोटात साठणारे पाणी यांनी स्नायूंमधले भोक रुंदच होत जाते. दुखू लागलेल्या हर्नियाला ऑपरेशनच लागते, एवढे आता बहुतेकांना कळते. ऑपरेशन कोणते, हे मात्र पेशंटला कुणी सांगत नाही. आमचा आक्षेप तिथे आहे.

भोकाची एक कड दुसरीवर चढवून शिवण्याची पद्धत अमेरिकेतील सर्जन विल्यम मेयो यांनी १९०१ साली प्रसिद्ध केली आणि ती अनेक दशके चालली. पण ओढून शिवलेल्या कडांवर प्रत्येक शिंकेला, भरलेला हंडा उचलताना ताण येतो आणि टाका मांस कापत जातो. भोकाला आधार म्हणून बसवलेली कृत्रिम धाग्यांची जाळी हा ताण वाटून घेते. भोक दोन सेंटिमीटरचे असेल, तर स्नायूंच्या मागे, पोटाच्या आतल्या पडद्याच्या पुढे, सुमारे आठ सेंटिमीटरची सपाट जाळी पसरतात. म्हणजे चहूबाजूंनी तीन सेंटिमीटर आधार मिळतो. पुढे शरीराचेच तंतू तिच्यात वाढतात. १ ते ४ सेंटिमीटरच्या हर्नियांवर युरोपात झालेली तुलनात्मक चाचणी २०१८ साली ‘लॅन्सेट’मध्ये आली. नुसते शिवलेल्यांपैकी १२ टक्के पेशंटना हर्निया पुन्हा झाला, जाळी बसवलेल्यांपैकी ४ टक्क्यांना. गुंतागुंतीत फारसा फरक नव्हता.

जाळी महाग, हे कारण महाराष्ट्रात तरी कुणी देऊ नये. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्याचे सर्जन डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी मच्छरदाणीचे कापड निर्जंतुक करून हर्नियासाठी वापरले आणि सहकाऱ्यांसह २००३ साली त्याचे निष्कर्ष छापले. २०१६ साली युगांडातल्या चाचणीत जांघेच्या हर्नियाला असेच स्वस्त कापड महागड्या जाळीच्या तोडीस तोड ठरले. बेंबीच्या हर्नियाला लागणारा तुकडा फार मोठा नसतो. ग्रामीण रुग्णालयाच्या कपाटात तो नसेल, तर ती खरेदी करणाऱ्यांची हयगय आहे.

बेंबी कडक होऊन आत जाईना, रंग बदलला, उलट्या सुरू झाल्या, तर आतडे अडकल्याची भीती असते. त्याच रात्री इस्पितळ गाठावे. अशा वेळी जंतुसंसर्ग असेल, तर सर्जन जाळी टाळतो आणि ते योग्यच. पण ठरवून केलेल्या ऑपरेशनात एक सेंटिमीटरहून मोठे भोक नुसते शिवायचे असेल, तर का, हे संमतिपत्रावर सही घेण्याआधी पेशंटला तिच्या भाषेत सांगितलेच पाहिजे.